महिनाभर राहायचं गाव

दिवाळी झाली की वर्तमानपत्रांतून युरोप सहलींच्या जाहिराती झळकायला लागतात. बारा दिवस, सात देश. सकाळी सातला बस, दुपारी एखाद्या पुलावर फोटो, रात्री नव्या गावातलं नवं हॉटेल. अशा सहलीला जाऊन आलेली मंडळी आता जालना जिल्ह्यातही दुर्मीळ राहिलेली नाहीत. काय काय पाहिलंत असं विचारलं, तर देशांची नावं पटापट येतात. गावांची नावं आठवायला मोबाइलमधले फोटो काढावे लागतात.

याच्या अगदी उलटा एक प्रकार आहे. एकच गाव धरायचं, तिथे महिना-दीड महिना राहायचं, स्वयंपाक आपला आपण करायचा आणि गाडीत पाऊल ठेवायचं नाही. मुलगा किंवा मुलगी जर्मनीत, नेदरलँड्समध्ये नोकरीला असली की आई-वडील दोन-तीन महिन्यांसाठी जातात. त्यातला एखादा महिना मुलांच्या दोन खोल्यांत खिडकीतून बर्फ पाहत काढण्यापेक्षा कुठेतरी स्वतंत्र काढावा, असं बोलणं हल्ली कानावर येतं. मग प्रश्न उरतो तो गावाचा.

हसनाबादच्या माणसाला हा प्रश्न वाटतो तितका परका नाही. भोकरदन तालुक्यातलं हे बाजाराचं गाव. आठवडी बाजाराच्या दिवशी आसपासच्या खेड्यांतून माणसं येतात आणि दुपारपर्यंत त्यांची दहा कामं उरकतात: भाजी घेतली, पीठ दळून घेतलं, खताच्या दुकानात उधारीचं बोलणं झालं, डॉक्टरला छाती दाखवली, कटिंग केली, भावकीतल्या कुणाला गाठलं आणि परतीची एसटी धरली. हे सगळं पायी, एका बाजारपेठेच्या पसाऱ्यात. गाडीवाचून राहायचं गाव निवडताना जी नजर लागते ती हीच आहे. पुण्या-मुंबईच्या माणसाला ती मुद्दाम शिकावी लागते, कारण त्याची दहा कामं दहा दिशांना विखुरलेली असतात.

लांब मुक्कामही आपल्याला नवा नाही. आषाढीपासून कार्तिकीपर्यंत पंढरपुरात किंवा आळंदीत खोली घेऊन चातुर्मास काढणारी माणसं गावोगाव आहेत. ती तिथे काही 'पाहायला' जात नाहीत. सकाळी स्नान, देऊळ, प्रदक्षिणा, येताना भाजी, दुपारी वाचन, रात्री कीर्तन. पंधरा दिवसांत भाजीवाली त्यांना नावानं ओळखते. शहरी मध्यमवर्गात पूर्वी हवापालट होती. आजारातून उठलेल्या माणसाला डॉक्टर देवळालीला नाहीतर पाचगणीला पाठवत, आणि तो महिना-दोन महिने तिथल्या सॅनिटोरियममध्ये राहून, सकाळ-संध्याकाळ फिरून, वजन वाढवून परत येई. या यादीत माथेरानही होतं. आणि गाडीवाचूनच्या गावाचा आपल्या राज्यातला खरा नमुना तेच आहे, म्हणून युरोपकडे वळण्याआधी तिथे थोडं थांबतो.

हसनाबादहून माथेरानला एकाही खासगी गाडीत न बसता जाता येतं. एसटीनं जालना, तिथून तपोवन किंवा देवगिरी एक्सप्रेसनं कल्याण, कल्याणहून कर्जतची लोकल धरून नेरळ आणि नेरळहून छोटी गाडी. ही छोटी गाडी दोन फुटी रुळांवरून सुमारे 21 किलोमीटरची वळणं घेत दोन-अडीच तासांनी वर पोचते. मुंबईचे उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांनी पैसा घातला, त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी काम पुरं केलं आणि 1907 साली ही गाडी धावू लागली. त्यासाठी सोळा लाख रुपये लागले होते. वडील माथेरानला वारंवार जात आणि वर चढण्याचे त्यांचे हाल होत म्हणून ही रेल्वे झाली, असं सांगतात. डोंगर इतका उभा आहे की काही ठिकाणी वीस फूट पुढे गेलं की गाडी एक फूट वर चढलेली असते. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा टप्पा दरडींच्या भीतीनं बंद ठेवतात. जुलै 2005च्या अतिवृष्टीत रूळच वाहून गेले होते आणि गाडी पूर्ववत व्हायला 2007 उजाडलं. 2019च्या पावसातही तसंच झालं, तेव्हा नेरळपासूनची गाडी 2022च्या ऑक्टोबरात पुन्हा सुरू झाली.

ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट यानं 1850 साली हा डोंगर 'शोधला' असं पुस्तकांत असतं. डोंगरावर आणि पायथ्याशी ठाकर, धनगर, कातकरी आधीपासून होतेच. साहेबाला वाट त्यांच्यापैकीच कुणीतरी दाखवली असणार. मोटारी रस्त्यावर येण्याआधीच हे गाव वसलं, आणि पुढे मोटारींना दस्तुरी नाक्यावर अडवण्यात आलं. 2003 साली केंद्र सरकारनं माथेरान आणि परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला, तेव्हा या जुन्या शिस्तीला कायद्याची बळकटी आली.

दस्तुरीपासून बाजारपेठ साधारण अडीच-तीन किलोमीटर. हा पट्टा डोळे उघडे ठेवून चालला, की गाडीविना गाव म्हणजे काय ते पुस्तक न उघडता कळतं. लाल मातीचा रस्ता, दोन्ही बाजूंना जांभूळ, हिरडा, अंजनी. समोरून घोडा येतो, त्याच्या दोन्ही अंगांना गॅसच्या टाक्या लटकलेल्या. मागून हमाल, डोक्यावर दोन सुटकेसा आणि खांद्याला तिसरी. मग हातगाडीवर दुधाचे क्रेट, सिमेंटची पोती, कुणाच्या तरी घरचा फ्रीज. तुम्ही वर जो चहा पिणार आहात त्यातलं दूध, साखर, पत्ती आणि गॅस यातली प्रत्येक वस्तू कुणीतरी अशी वाहून आणलेली आहे, म्हणून तो खालच्यापेक्षा महाग आहे. आणि माणसं ओढणाऱ्या हातरिक्षा. चढावर एक जण पुढून ओढतो, दोघे मागून रेटतात. सर्वोच्च न्यायालयानं 2022 साली इथे ई-रिक्षांची चाचणी घ्यायला परवानगी दिली, आणि ऑगस्ट 2025 मध्ये, माणसानं माणसाला ओढण्याची ही पद्धत सहा महिन्यांत बंद करून त्या जागी ई-रिक्षा आणाव्यात, असा आदेश दिला. पर्यावरणाच्या नावानं या निर्णयाला नाकं मुरडणारे लोक आहेत. मला त्यांचं पटत नाही. हवा स्वच्छ ठेवायची म्हणून कुणाची छाती फुटावी, असा नियम कुठल्याही गावाला शोभत नाही. शिवाय शाळेला चालत जाणारी मुलं आणि दवाखान्यात जाणारी म्हातारी माणसं माथेरानलाही आहेत.

गावाला स्वतःचं म्हणून काही असावं लागतं, तेही माथेरानला आहे. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजे भाई कोतवाल, इथेच 1912 साली जन्मले. नाभिक समाजातल्या गरीब घरातला हा मुलगा शिकून वकील झाला, माथेरान नगरपालिकेचा उपाध्यक्ष झाला, शेतकऱ्यांना सावकाराच्या दारात जावं लागू नये म्हणून त्यानं धान्यकोठ्या काढल्या आणि 1942च्या लढ्यात मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडणारं पथक उभं केलं. 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीबारात तो मारला गेला. बरेचसे पर्यटक लुईझा पॉइंट, एको पॉइंट, शार्लट तलाव करून उतरतात आणि हे नाव त्यांच्या कानावर पडत नाही. मुक्काम लांबला तर पडतं.

तरीही महिनाभरासाठी माथेरान निवडावं का? मी म्हणेन, दहा दिवस उत्तम, महिना अवघड. 2011च्या जनगणनेत गावाची वस्ती पाच हजारांच्याही आत होती. बाजारपेठेतली दुकानं बहुतेक पाहुण्यांसाठी: चिक्की, चपला, मध, टोप्या. छोटं रुग्णालय आहे. पण मोठं दुखणं आलं तर खालीच जावं लागतं. शनिवार-रविवारी मुंबई वर येते आणि गाव तिच्या ताब्यात जातं. सोमवारी सकाळी मात्र ते पुन्हा गावकऱ्यांचं होतं.

युरोपातही या जातीची गावं आहेत आणि जाहिराती त्यांच्याच असतात. स्वित्झर्लंडमधलं झरमाट हे त्यातलं सर्वांत प्रसिद्ध: मॅटरहॉर्न शिखराच्या पायथ्याशी, सोळाशे मीटर उंचीवर. मोटारी पाच किलोमीटर अलीकडे टेश या गावात ठेवायच्या आणि पुढे रेल्वेनं बारा मिनिटं. रेल्वे 1891 मध्ये आली, माथेरानच्या सोळा वर्षं आधी. गावात फिरतात त्या विजेवरच्या छोट्या, चौकोनी गाड्या. ग्रीसमधलं हिद्रा हे बेट तर थेट माथेरानचं भावंड वाटावं. मोटारींना बंदी, माल आणि माणसं दोन्ही गाढवं-खेचरांवर. आथेन्सजवळच्या पिरेअस बंदरातून बोटीनं जायचं. गायक-कवी लेनर्ड कोहेन यानं 1960 साली तिथे घर घेतलं आणि पुढे कित्येक वर्षं तो तिथे राहिला. ही सगळी ठिकाणं देखणी आहेत. पण तिथे गाडी नाही, कारण डोंगर नाहीतर समुद्र आडवा आला आहे. त्यामुळे गाडीबरोबर बाकीचंही बरंच काही वर पोचत नाही, आणि जे पोचतं ते दामदुपटीनं.

महिनाभर राहायचं तर दुसऱ्या जातीचं गाव शोधावं. तिथे गाडी येऊ शकते, पण रोजच्या जगण्याला ती लागत नाही. अशी गावं युरोपात इतकी का सापडतात, याचं कारण त्यांच्या तटबंदीत आहे. मध्ययुगात गावाभोवती दगडी भिंत बांधणं हा प्रचंड खर्चाचा मामला. भिंत जितकी लांब तितका खर्च मोठा आणि पहारेकरीही तितके जास्त. म्हणून शक्य तेवढा लहान घेर घालायचा आणि आत तीन-चार मजली घरं एकमेकांना खेटून बांधायची. बाजार, चर्च, विहीर, कारागिरांच्या गल्ल्या, सगळं आत. पाच-सहाशे वर्षं माणसं त्या घेरात पायीच जगली. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली तेव्हा आत शिरायला तिला जागा नव्हती, म्हणून स्टेशन वेशीबाहेर झालं. पुष्कळ गावांत आज स्टेशनवर उतरून बॅग ओढत दहा मिनिटांत जुन्या गावात शिरता येतं, ते त्यामुळे. आपल्याकडे छत्रपती संभाजीनगरचे दरवाजे राहिले, तट बहुतेक ढासळला. निजामाच्या राजवटीत 1900च्या सुमाराला मनमाड-हैदराबाद रेल्वे झाली तेव्हा तिथलं स्टेशन तटापासून बरंच लांब पडलं. पुढे शहर त्या रिकाम्या पट्ट्यात पसरत गेलं आणि रिक्षा अपरिहार्य झाली.

तट टिकलेलं गाव पाहायचं तर इटलीतलं लुक्का पाहावं. सोळाव्या-सतराव्या शतकांत बांधलेला, चार किलोमीटरहून थोडा जास्त घेराचा तट आजही अखंड उभा आहे. त्याच्यावरून तोफा डागण्याची वेळ फारशी आलीच नाही. 1812 साली सेर्किओ नदीला महापूर आला तेव्हा मात्र दरवाजे बंद करून या तटानं गाव वाचवलं. पुढे त्याच्या रुंद माथ्यावर झाडं लावली आणि तिथे फिरायचा रस्ता केला. संध्याकाळी सगळं गाव वर येतं: म्हातारी माणसं बाकांवर, मुलं सायकलींवर, आया बाबागाड्या ढकलत. आत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला चालत वीस-पंचवीस मिनिटं लागतात. परवाना नसलेल्या मोटारींना आतल्या बऱ्याच रस्त्यांवर मज्जाव आहे. रोमन काळातल्या रंगमंडलाच्या पायावरच घरं उठली, म्हणून एक चौक अंड्यासारखा लंबगोल आहे. संगीतकार पुचीनी 1858 साली इथे जन्मला. स्टेशन दक्षिणेच्या वेशीबाहेर, पिझा अर्ध्या तासावर, फ्लोरेन्स सव्वा-दीड तासावर. आणि गाव सपाट आहे. साठी ओलांडलेल्या माणसांसाठी ही गोष्ट पुचीनीपेक्षा मोठी.

इटलीचा विषय निघालाच आहे तर घराजवळची एक गोष्ट सांगायला हवी. 1938 साली पाँपेई या, ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या शहरात भारतीय घडणीची एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. शहर इसवी सन 79 मध्ये गाडलं गेलं, म्हणजे मूर्ती त्याआधीच तिथे पोचलेली. पुढे 1973 साली नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी आपल्या भोकरदनला, म्हणजे प्राचीन भोगवर्धनला, उत्खनन केलं. तिथेही त्याच धाटणीच्या हस्तिदंती मूर्तीचा भाग मिळाला, आणि पाँपेईची मूर्ती याच भागात घडली असावी असं काही अभ्यासकांनी मांडलं. भोगवर्धनच्या दात्यांची नावं सांचीच्या शिलालेखांतही आहेत. त्या पाँपेईच्या मुख्य चौकात चाकाच्या गाड्यांना शिरता येऊ नये म्हणून वाटांवर दगड रोवलेले होते. वाहनमुक्त चौकाची कल्पना नगररचनाकारांनी परवा-परवा काढली, असं कुणी म्हणालं तर हे सांगायला हरकत नाही.

तट नसलेल्या, गाड्यांनी तुंबलेल्या शहरालाही पायी चालण्याजोगं करता येतं, याचं उदाहरण स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात आहे. पॉन्तेवेद्रा, वस्ती सुमारे 83 हजार, म्हणजे जालन्यापेक्षा कितीतरी लहान. 1999 साली मिगेल आन्शो फर्नांदेझ लोरेस हे डॉक्टर तिथे महापौर झाले आणि त्यांनी जुन्या गावातून मोटारी बाहेर काढायला सुरुवात केली. त्यांचं म्हणणं सरळ होतं: गाडी तुमची खासगी मालमत्ता आहे, ती ठेवायला सार्वजनिक रस्ता का द्यावा? सामानाच्या गाड्यांना ठरावीक वेळ दिली, घरात गॅरेज असलेल्यांना आणि अपंगांना मुभा ठेवली, बाकीच्यांनी गावाबाहेर गाडी लावून चालत यावं. व्यापाऱ्यांनी सुरुवातीला विरोध केला. तरी त्यानंतरच्या निवडणुकांत हेच महापौर पुन्हा पुन्हा निवडून आले. ज्या रस्त्यांवर दरवर्षी अपघातांत माणसं जात होती, तिथे पुढे वर्षानुवर्षं एकही मृत्यू झाला नाही.

या शहरानं 2011 मध्ये काढलेला एक नकाशा मला फार आवडतो. त्याला मेट्रोमिनुतो म्हणतात. दिसायला मेट्रोच्या नकाशासारखा: रंगीत रेघा, गोल ठिपके, ठिपक्यांना नावं. पण शहरात मेट्रो नाही. रेघा म्हणजे चालायच्या वाटा, ठिपके म्हणजे बाजार, स्टेशन, दवाखाना, नदीवरचा पूल, आणि दोन ठिपक्यांमध्ये लिहिलेला आकडा म्हणजे चालायला लागणारी मिनिटं. पुढे युरोपातल्या अनेक शहरांनी तो उचलला. कुठलंही गाव मुक्कामासाठी ठरवण्याआधी असा नकाशा कागदावर स्वतः काढून पाहावा. मध्यभागी भाड्यानं मिळणारी खोली. तिथून किराणा किती मिनिटं, भाजी किती, औषधाचं दुकान किती, बसायला बाक असलेली बाग किती, स्टेशन किती. पहिल्या चारपैकी एकही आकडा पंधराच्या वर गेला तर खोली बदलावी. दोन गेले तर गाव.

पॉन्तेवेद्रा आपल्या माणसाला आणखी एका कारणानं जवळचं वाटेल. सान्तियागो दे कोम्पोस्तेला या तीर्थक्षेत्राकडे पोर्तुगालमधून पायी जाणाऱ्यांची वाट या गावातून जाते. पाठीवर पिशवी, हातात काठी आणि पिशवीला बांधलेला शिंपला, अशी माणसं चौकात दिसत राहतात. शिंपला ही त्यांच्या यात्रेची खूण; आपल्याकडे जशी तुळशीची माळ. गावातलं यात्रेकरूंच्या देवीचं चर्चही शिंपल्याच्या आकारावर बांधलेलं आहे. तिथून सान्तियागो साठेक किलोमीटर. पायी जमलं नाही तर रेल्वे आहेच.

आता गावाला स्वभाव आहे की नुसता मुखवटा, हे कसं ओळखायचं? व्हेनिससारखं वाहनमुक्त शहर जगात दुसरं नाही. पण 1951 साली जिथे पावणेदोन लाख माणसं राहत होती, त्या जुन्या शहरात 2022 पर्यंत पन्नास हजारांहूनही कमी उरली. तिथल्या एका औषधाच्या दुकानानं 2008 पासून खिडकीत विजेचा फलक लावला आहे. त्याच्यावर शहरात उरलेल्या रहिवाशांचा आकडा दिसतो, आणि तो घटतच आला आहे. एप्रिल 2024 पासून गर्दीच्या दिवशी सकाळी येऊन संध्याकाळी जाणाऱ्यांकडून पाच युरो प्रवेशशुल्क घ्यायला सुरुवात झाली. घरं पाहुण्यांसाठी भाड्यानं जाऊ लागली की भाजीवाला, लोहार, शिंपी बाहेर पडतात आणि त्यांच्या जागी मुखवट्यांची दुकानं येतात. चार दिवसांसाठी व्हेनिस जरूर पाहावं. महिना काढायला नको.

माझी साधी कसोटी अशी: गावात शाळा भरते का? सकाळी आठला पाठीवर दप्तर घेतलेली पोरं दिसतात का? शाळा आहे म्हणजे तरुण कुटुंबं आहेत, म्हणजे दूध-भाजीची दुकानं आहेत आणि डॉक्टरही आहे. दुसरी कसोटी खिळे-स्क्रू विकणाऱ्या दुकानाची. पाहुण्याला खिळे लागत नाहीत; ते दुकान चालतंय म्हणजे गावात घरं दुरुस्त करून राहणारी माणसं आहेत. तिसरी, आठवडी बाजार. फ्रान्समधल्या तालुक्याएवढ्या बहुतेक गावांत तो भरतो, आणि शेतकरी आपल्या हातानं भाजी तोलून देतो. भाषा येत नसली तरी भाव करायचा मोह होईल. तिथे पाटीवर लिहिलेला भाव असतो, तो द्यायचा. या तिन्ही गोष्टी घरबसल्या मोबाइलच्या नकाशावर दिसतात. जाहिरातीत कधी दिसत नाहीत.

गाडी नाही म्हणजे गावात अडकून पडायचं नाही. जर्मनीत मे 2023 पासून एक मासिक तिकीट निघालं आहे. ते घेतलं की देशभरातल्या सगळ्या स्थानिक बस, ट्राम आणि साध्या रेल्वे चालतात. जलद गाड्या सोडून. सुरुवातीला ते 49 युरोंना होतं, 2025 मध्ये 58 झालं आणि 2026 पासून 63. दर महिन्याला आपोआप नवं होतं, म्हणून निघताना रद्द करायला विसरायचं नाही. ब्लॅक फॉरेस्टमधल्या शंभरावर गावांत पाहुण्याकडून रोजचा थोडा कर घेतात आणि त्या बदल्यात एक कार्ड देतात, त्यावर त्या भागातल्या बस-रेल्वे फुकट. माथेरानलाही दस्तुरीवर प्रवासी कर भरावा लागतो. बदल्यात असं काही मिळालं तर बहार येईल. लक्झेंबर्ग या चिमुकल्या देशानं तर 2020 पासून देशभरचा प्रवासच सर्वांना मोफत केला.

आणखी काही बारीकसारीक गोष्टी, पण महिनाभरात त्याच टोचतात. जुन्या युरोपीय इमारतींना लिफ्ट नसते, जिने अरुंद आणि गोल असतात. तिसऱ्या मजल्यावरची स्वस्त खोली गुडघ्यांना महाग पडते. दगडी फरसबंदीचे रस्ते फोटोत सुरेख, चालायला खडबडीत; चाकाची बॅग त्यावर रडते. जर्मनीत रविवारी दुकानं बंद, म्हणून शनिवारी दूध-पाव भरून ठेवायचा. रोजच्या गोळ्या नेताना डॉक्टरची चिठ्ठी हवी आणि तीवर औषधाचं मूळ नाव हवं, कंपनीचं चालत नाही. अडचणीच्या वेळी 112 हा क्रमांक तिथेही लागतो. आणि घरचं तूप नेता येत नाही. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आत आणायला बंदी आहे; त्यात तूपही आलं, पेढेही आले. चटणी, मेतकूट, पापड यांना ती बंदी लागू नाही. डाळी आणि हरभरे तिथल्या दुकानांत मिळतात.

मुक्कामाची मर्यादा नियमानंच घातलेली आहे. शेंगेन व्हिसावर कुठल्याही 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येतं, आणि हा हिशेब सगळ्या शेंगेन देशांचा मिळून होतो. जर्मनीत मुलाकडे दोन महिने काढले तर लुक्कासाठी एकच उरतो. अर्ज सहा महिने आधी करता येतो. जून 2024 पासून प्रौढांसाठी शुल्क 90 युरो आहे, आणि किमान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. महिना निवडायचा तर शेतकऱ्याला मे सोयीचा: मृगाच्या आधी हात मोकळे असतात आणि तिकडे थंडी ओसरलेली असते. ज्यांना पेरणीची घाई नाही त्यांच्यासाठी सप्टेंबर. ऑगस्टमध्ये इटलीला जाऊ नये. ऊन असतं, आणि 15 ऑगस्टच्या सुमाराला बरेच दुकानदार स्वतःच सुट्टीवर जातात. पॉन्तेवेद्राचा हिवाळा पावसात जातो.

एवढा खर्च करण्याआधी रंगीत तालीम मात्र जरूर करावी, आणि त्यासाठी माथेरानइतकी चांगली जागा नाही. दिवाळीची गर्दी ओसरल्यावर, सोमवारी वर चढायचं, शक्यतो स्वयंपाकाची सोय असलेली खोली घ्यायची आणि पुढच्या सोमवारपर्यंत खाली उतरायचं नाही. पहिले दोन दिवस पॉइंट पाहण्यात जातील. तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी पॉइंट संपतील आणि सकाळी नऊ वाजता प्रश्न पडेल की आता काय करायचं. त्या सकाळी तुम्ही भाजी आणायला बाजारात गेलात, घोडेवाल्याशी बोलत उभे राहिलात, कालचीच वाट पुन्हा चाललात आणि दुपारी कंटाळा न येता झोपलात, तर पासपोर्ट काढायला हरकत नाही. परतीच्या गाडीचं वेळापत्रक शोधायला लागलात, तर 90 युरो वाचले.